झावळ्यांची मिरवणूक आणि पोलिसांचा परवाना

१३ एप्रिल २०२५ हा ख्रिस्ती पंचांगातील झावळ्यांचा रविवार होता. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण म्हणून त्या दिवशी जगभरचे ख्रिस्ती लोक हातात झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. दिल्लीतील कॅथलिक भाविक त्या दिवशी जुन्या दिल्लीतील सेंट मेरी चर्चपासून गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलपर्यंत ‘क्रूसाची वाट’ चालत जात. हा दरवर्षीचा परिपाठ होता. २०२५ साली दिल्ली पोलिसांनी त्याला परवानगी नाकारली. कायदा व सुव्यवस्था आणि वाहतुकीची कोंडी ही दोन कारणे पुढे करण्यात आली. भाविकांना तो विधी चर्चच्या आवारातच उरकावा लागला.

घटना तशी लहान. कोणाचे डोके फुटले नाही, कोणावर लाठी चालली नाही. मुख्यमंत्री या नात्याने पिनराई विजयन यांनी तेव्हा या बंदीचा निषेध केला, काही पक्षांनी व संघटनांनी पत्रके काढली आणि थोड्याच दिवसांत देश हे विसरून गेला. आम्हाला मात्र ही घटना विसरण्याजोगी वाटत नाही. ईश्वरावर श्रद्धा न ठेवणाऱ्या पक्षाच्या मुखपत्राने एका चर्चच्या मिरवणुकीची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न आमच्या काही सभासदांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. त्याला तितकेच सरळ उत्तर दिले पाहिजे: ज्या कागदाने ती मिरवणूक अडवली, त्याच कागदाने कामगारांचा मोर्चा आणि शेतकऱ्यांचा जथा अडवला जातो. रस्ता हा जनतेचा आहे की पोलीस अधिकाऱ्याच्या मर्जीचा, हा एकच प्रश्न या दोन्ही ठिकाणी उभा आहे.

वाहतुकीचे निमित्त

प्रथम वाहतुकीच्या कारणाचा विचार करू. दिवस रविवारचा होता. कचेऱ्या बंद, न्यायालये बंद. या मिरवणुकीत चालणारे बहुसंख्य लोक कोण असतात? झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशातून राजधानीत आलेल्या आदिवासी घरकामगार स्त्रिया, केरळहून आलेल्या परिचारिका, तामीळ, मंगलोरी आणि गोवेकर नोकरदार कुटुंबे. रविवारची सुट्टी ही या देशातील श्रमिकाला कोणी दयेने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ चळवळीनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात ती पडली. घरकामगार स्त्रीला ती अजूनही मालकिणीच्या मेहेरबानीवर अवलंबून आहे. अशा माणसांनी आठवड्यातील एका दुपारी चार-पाच मैल चालावे, एवढ्याने राजधानीची सुव्यवस्था ढासळत असेल तर ती सुव्यवस्था फारच पोकळ म्हटली पाहिजे.

सरकारपक्षाकडून असे उत्तर देण्यात आले की त्या दिवसांत सुरक्षेचा विशेष प्रश्न होता आणि हनुमान जयंतीच्या मिरवणुकीलाही परवानगी नाकारली होती. हे उत्तर आम्ही टाळू इच्छित नाही. हनुमान जयंतीची मिरवणूक जर निव्वळ सोयीसाठी अडवली असेल, तर तेही चूकच होय. एका नागरिकाचा हक्क हिरावला हे दुसऱ्याचा हक्क हिरावण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्या मिरवणुकीच्या मागे दंग्याचा इतिहास आहे आणि जी वर्षानुवर्षे शांततेने पार पडली आहे, त्या दोहोंना एकाच तराजूत टाकून ‘आम्ही सर्वांना समान वागवतो’ म्हणणे ही समानता नव्हे. पोलिसांनी मार्ग बदलता आला असता, वेळ ठरवून देता आली असती, रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवता आली असती. या मधल्या वाटा न चोखाळता थेट नकारच देण्यात आला. आक्षेप आहे तो यालाच.

यात एक विसंगती अशी की ९ एप्रिल २०२३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, पंतप्रधान स्वतः याच सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये गेले होते. त्यांनी तेथे मेणबत्ती लावली, आवारात रोप लावले, छायाचित्रे देशभर झळकली. दोनच वर्षांनी त्याच दारापर्यंत पायी येऊ पाहणाऱ्या भाविकांना केंद्रीय गृहखात्याच्या हाताखालील पोलिसांनी रस्ता नाकारला. अल्पसंख्याकांच्या मंदिरात सत्ताधाऱ्यांनी जावे, पण अल्पसंख्याकांनी आपल्या पायांनी रस्त्यावर येऊ नये, असा हा न्याय आहे.

यमुनेच्या पलीकडे

दिल्लीतून यमुना ओलांडली की नोएडा लागते. राज्य बदलते, पोलीस बदलतात, सरकारचे धोरण तेच राहते. नोएडा हे नाव कोणा गावाचे नाही. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या प्राधिकरणाच्या आद्याक्षरांचे ते नाव आहे. हे प्राधिकरण आणीबाणीच्या काळात, १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन उभ्या राहिलेल्या या लाखोंच्या शहराला जवळजवळ अर्धशतक निवडून आलेली नगरपालिका लाभली नाही. येथील रहिवासी खासदार निवडतो, आमदार निवडतो. पण ज्याच्याकडे आपल्या गल्लीतील रस्त्याची तक्रार न्यावी असा नगरसेवक त्याला नाही. रस्ता प्राधिकरणाने बांधायचा आणि त्यावर कोणी चालायचे हे पोलिसांनी ठरवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेत धर्माचे काय होते ते डिसेंबर २०१८ मध्ये दिसून आले. सेक्टर ५८ मधील एका उद्यानात जवळच्या कारखान्यांतील व कचेऱ्यांतील मुसलमान कामगार शुक्रवारच्या जेवणाच्या सुट्टीत नमाज पढत असत. पोलिसांनी त्या भागातील तेवीस कंपन्यांना नोटिसा पाठवल्या: तुमचा कामगार उद्यानात नमाजाला गेला तर जबाबदारी तुमची धरली जाईल. या नोटिशीचा वर्गीय अर्थ आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. कामगाराच्या श्रमावर हुकूम चालवणाऱ्या मालकाला सरकारने त्याच्या प्रार्थनेचाही पहारेकरी नेमले. आज नमाजासाठी जाणाऱ्याची नोंद ठेवणारा मालक उद्या युनियनच्या सभेला जाणाऱ्याची नोंद ठेवणार नाही, असे मानायला जागा नाही.

त्याच उत्तर प्रदेशात श्रावणात कावडियांसाठी महामार्ग वळवले जातात, जड वाहने बंद होतात आणि सरकारी हेलिकॉप्टरमधून त्यांच्यावर फुले उधळली जातात. कावडियांविषयी आमच्या मनात द्वेष नाही. खांद्यावर गंगाजल घेऊन शेकडो मैल चालणाऱ्यांत नोएडाच्या झोपडवस्त्यांतील मजूर पोरेही असतात. त्यांना सावली, पाणी आणि सुरक्षित रस्ता मिळालाच पाहिजे. प्रश्न आहे तो राज्यसंस्थेचा. एका श्रद्धेवर फुले, दुसरीला नोटीस आणि तिसरीला नकार, असे जे राज्य वागते ते संविधानातील धर्मनिरपेक्ष राज्य उरत नाही.

अशा राज्यात कॅथलिक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविक समुदायाने, मिरवणुकीसाठी अर्ज करायलाही धजावे लागते. उत्तर प्रदेशात धर्मांतरविरोधी अध्यादेश २०२० साली निघाला, २०२१ साली त्याचा कायदा झाला आणि २०२४ साली शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवण्यात आली. १४ एप्रिल २०२२ रोजी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फतेहपूर येथील चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्यांवर या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. त्यातून निघालेले अनेक गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी रद्द केले. न्याय मिळाला, पण साडेतीन वर्षांनी. शेजारच्या मध्य प्रदेशात ३१ मार्च २०२५ रोजी जबलपूरच्या चर्चांच्या यात्रेला निघालेल्या मंडला जिल्ह्यातील आदिवासी कॅथलिकांना टोळक्याने अडवले आणि त्यांच्या मदतीला गेलेल्या दोन धर्मगुरूंना मारहाण केली. चर्चच्या भिंतीआडही जिथे पोलीस पोचतात आणि बाहेर टोळकी वाट पाहतात, तिथे रस्त्यावर येण्याचा हक्क हा शोभेचा अलंकार राहत नाही. आपण या देशाचे बरोबरीचे नागरिक आहोत हे सांगण्याची ती एक रीत होते.

तोच कागद, तीच लाठी

आता त्याच नोएडातील कष्टकऱ्यांकडे पाहा. २० फेब्रुवारी २०१३ रोजी, देशव्यापी संपाच्या पहिल्या दिवशी, फेज-२ औद्योगिक वसाहतीत हिंसाचार झाला. त्याचे निमित्त करून कामगारांची मोठी धरपकड झाली. जुलै २०१७ मध्ये सेक्टर ७८ मधील एका आलिशान गृहसंकुलात घरकामगार स्त्रीला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून तिचे वस्तीवाले दारात जमले; त्यानंतर अटका झाल्या त्या वस्तीवाल्यांना आणि पाडल्या गेल्या त्या गरिबांच्या टपऱ्या. २ डिसेंबर २०२४ रोजी संपादित जमिनीचा वाढीव मोबदला आणि विकसित भूखंडातील वाटा मागणारे शेतकरी नोएडातून दिल्लीकडे निघाले. त्यांना सीमेवरच अडवले गेले. ते राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळापाशी बसले, तर दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना उचलून नेले.

या सर्वांवर चालणारे हत्यार एकच आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले. नाव बदलले, इंग्रजांची बुद्धी बदलली नाही. तातडीच्या प्रसंगासाठी असलेले हे कलम गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात सण, परीक्षा, निवडणूक अशा कोणत्याही निमित्ताने पुन्हा पुन्हा जारी होते. पूजा, नमाज, मिरवणूक, धरणे, मोर्चा, सर्व एकाच आदेशात ‘परवानगीशिवाय बंद’ ठरतात. पोलीस आयुक्ताच्या त्या कागदावर पाद्री, मौलवी, पुजारी आणि कामगार पुढारी एकाच ओळीत उभे असतात. कष्टकऱ्यांच्या पक्षाला हे दिसले नाही तर कोणाला दिसावे?

वास्तविक या देशाचा कायदा इतका लंगडा नाही. संविधानाचे कलम १९ शस्त्राविना शांततेने एकत्र जमण्याचा हक्क देते आणि कलम २५ धर्माचे आचरण करण्याचा. अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली स्पष्ट केले की सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन करता येते, पण ती होऊ द्यायची की नाही हे पोलीस अधिकाऱ्याच्या निर्बंध नसलेल्या मर्जीवर सोपवता येत नाही. तो नियम मुंबई पोलीस कायद्याखालचा होता, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाराणसीच्या गुलाम अब्बास खटल्यात १९८१ साली त्याच न्यायालयाने सांगितले की जमावबंदीचा अधिकार प्रथम कायदेशीर हक्क बजावणाऱ्याच्या संरक्षणासाठी आणि त्याला अडथळा करणाऱ्याला आवरण्यासाठी वापरला पाहिजे. कायदा असा असताना व्यवहार उलटा चालतो, याचे कारण अज्ञान नाही. कायद्याचा लाभ संघटित होऊन मागावा लागतो, आणि एकाकी अल्पसंख्य समाज तो मागण्यास कचरतो.

मराठी मुलखाचा अनुभव

मिरवणूक म्हणजे काय हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो अस्पृश्य माणसे शिस्तीने रांग धरून चवदार तळ्याकडे चालत गेली. तळे कागदोपत्री आधीच खुले झाले होते. माणसांच्या पायांनी ते खरोखर खुले केले. ३ वर्षांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी तोच मार्ग धरावा लागला. सार्वजनिक रस्त्यावरून ताठ मानेने चालणे ही ज्यांना पिढ्यान् पिढ्या नाकारलेली गोष्ट होती, त्यांना मिरवणुकीचे मोल ठाऊक आहे.

मिरवणूक दुसऱ्यावर चाल करून जाण्याचे साधनही होऊ शकते, हेही आम्ही पाहिले आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव व महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने मार्गाचा आग्रह, घोषणा आणि जातीय संघटनांची पूर्वतयारी यांचा तपशीलवार हिशेब मांडला. त्यातून बोध घ्यायचा तो हा: राज्याने मिरवणुकीचा धर्म पाहू नये, तिचे वर्तन पाहावे. दुसऱ्याच्या दारात जाऊन चिथावणी देणाऱ्यांना आवरावे आणि आपल्या वाटेने शांतपणे जाणाऱ्यांना संरक्षण द्यावे. ओळखता येऊ नये इतका हा फरक सूक्ष्म नाही.

आणि गोव्याचा इतिहास चर्चनेही विसरू नये. पोर्तुगीज तलवारीच्या आधाराने चर्चच्या हाती सत्ता होती तेव्हा हिंदूंच्या मिरवणुका आणि विधी बंद पाडले गेले, देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला न्यावा लागला. १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालय १८१२ पर्यंत टिकले. म्हणजे रस्ता अडवण्याची वृत्ती कोणा एका धर्माच्या रक्तात नसते. धर्म आणि राज्यसत्ता यांची युती झाली की ती उत्पन्न होते. त्या युतीचे सोवळे कोणत्या रंगाचे आहे हा प्रश्न दुय्यम आहे.

आमचाही हिशेब

चर्च आणि कम्युनिस्ट यांच्यात जुना झगडा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. १९५९ साली केरळातील पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाविरुद्ध झालेल्या तथाकथित विमोचन लढ्यात कॅथलिक चर्च आघाडीवर होते. शिक्षण विधेयक आणि जमीनसुधारणा त्यांना खुपत होत्या. धर्मग्रामांतून माणसे रस्त्यावर आणली गेली आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने नंबुद्रिपाद सरकार बरखास्त केले. त्या अन्यायाची आठवण आम्हाला आहे. पण प्रामाणिकपणा असा की त्याच लढ्यात १३ जून १९५९ रोजी अंगमाली येथे पोलीस गोळीबारात सात माणसे ठार झाली, आणि ते पोलीस आमच्या सरकारचे होते. रस्त्यावरच्या माणसांपुढे बंदूक आली की ती कोणाच्या हुकुमाने आली याचे उत्तर प्रत्येक सरकारला द्यावे लागते, आमच्याही. म्हणूनच लोकशाही हक्कांची भाषा आम्ही सोयीने वापरू शकत नाही. काल जे आमच्याविरुद्ध चालले त्यांचाही चालण्याचा हक्क आम्हाला राखला पाहिजे.

याच वर्गीय दृष्टीने इतिहासाचे आणखी एक पान आठवावे. जुन्या रशियन कालगणनेप्रमाणे ९ जानेवारी १९०५ च्या रविवारी सेंट पीटर्सबर्गचे कामगार फादर गॅपन नावाच्या पाद्र्यामागे झारच्या राजवाड्याकडे निघाले. हाती संतांची चित्रे होती, झारची तसबीर होती, ओठांवर प्रार्थना होती. सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी बोल्शेविकांनी ‘ही धर्मभोळ्यांची मिरवणूक आहे’ म्हणून हात झटकले नाहीत. ते त्या कामगारांत जाऊन उभे राहिले. धर्म ही खाजगी बाब असावी, राज्याने तिच्यात हात घालू नये, ही लेनिनने त्याच वर्षी मांडलेली भूमिका आहे. कोणत्याही वर्गावरील जुलमाची दाद घेणारा जनतेचा कैवारी तो खरा कम्युनिस्ट, संपापुरता विचार करणारा नव्हे, हेही त्यानेच शिकवले आहे.

आमच्यापुढील काम

म्हणून आम्ही पक्षसभासदांना सांगू इच्छितो: हातात झावळी धरण्याचे आपल्याला कारण नाही, पण झावळी धरणाऱ्याच्या वाटेत कोणी आडवे आले तर तेथे उभे राहणे हे आपले काम आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत जमीनबळकावूंविरुद्ध सर्व धर्मांच्या वसईकरांना एकत्र आणले, तेव्हा त्या रस्त्यावर धर्मगुरू, शेतकरी आणि डावे कार्यकर्ते असा भेद कोणी केला नव्हता. २०२४ साली ते निवर्तले; ती वाट बुजू देता कामा नये.

नोएडा, दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर वा पणजी, जिथे जिथे आमचे सभासद आहेत तिथे त्यांनी आपल्या भागातील धर्मग्रामाशी, मशिदीच्या समितीशी, बौद्ध विहाराशी ओळख ठेवावी. ती संकटाच्या दिवशी शोधत जाऊ नये. परवानगीचा अर्ज नाकारला गेला तर लेखी कारणे मागण्यास त्यांना साहाय्य करावे, वकील मिळवून द्यावा, शिष्टमंडळात सामील व्हावे. कामगार संघटनांनी जमावबंदीच्या आदेशांविरुद्ध निवेदन देताना त्यात मोर्चाबरोबर मिरवणुकीचा उल्लेख करावा. आणि चर्चच्या पुढाऱ्यांनाही हे स्पष्ट सांगावे की शेतकऱ्यांचा जथा सीमेवर अडवला जातो तेव्हा त्यांनी गप्प राहणे त्यांनाच महागात पडते. एकमेकांच्या हक्कांवर घाला पडत असता जे स्वस्थ बसतात, त्यांची पाळी येते तेव्हा बोलणारा कोणी उरत नाही.

झावळ्यांचा रविवार दरवर्षी येतो. तो पुन्हा येईल तेव्हा जुन्या दिल्लीपासून गोल डाकखान्यापर्यंतचा रस्ता त्या घरकामगार स्त्रियांना आणि परिचारिकांना खुला असला पाहिजे, आणि नोएडाहून दिल्लीला जाणारा रस्ता शेतकऱ्यांना. हे दोन रस्ते नकाशावर वेगळे असतील. लोकशाहीत तो एकच रस्ता आहे, आणि तो अखंड मोकळा ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.